टायरवर हात ठेवलेली बाई

आमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये एक लाल ड्रेसवाली होती. ती कोण, कुठली, तिचा फोटो कुणी काढला, मला काहीच माहीत नाही. मी कामाला लागले त्याच्या आधीपासून ती तिथे होती. उंच, गोरी, केस एका खांद्यावर मोकळे सोडलेले, आणि उजवा हात बाजूला असा पसरलेला की त्या तळव्यावर तुम्ही काहीही ठेवावं.

आणि आम्ही काहीही ठेवायचो. भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या एका गाळ्यात आमचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि तिथे मी डिझाईन करते. दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड आला की मी तिच्या हातावर दाढ ठेवायची. प्लायवूडवाला आला की प्लाय. पाण्याच्या टाकीवाल्याची टाकी तिच्यापेक्षा मोठी होती, ती तिने तीन बोटांवर पेलली. पेस्ट कंट्रोलवाल्यासाठी एक झुरळ ठेवलं, पाय वर केलेलं, तरी ती तशीच हसत होती. मीरा रोडला बेव्हर्ली पार्कच्या बाजूला एकदा मी नणंदेकडे निघाले होते, तर एकाच गल्लीत ती मला क्लासवाल्याकडे, लाँड्रीवाल्याकडे आणि मूळव्याधीच्या दवाखान्यावर भेटली. शेवटच्या ठिकाणी मला तिची खरंच दया आली.

आमच्या शेठचं म्हणणं एकच असायचं. "बेन, बोर्डवर लेडी पाहिजे. लेडी नसली की तो बोर्ड नाय वाटत, नोटीस वाटते." गुजराती माणूस, पण मराठी झकास बोलतात. मी एकदा विचारलं की टाकी विकत घेणारा माणूस टाकी बघेल की लेडी. ते म्हणाले की लेडी बघेल, म्हणून थांबेल, थांबेल म्हणून टाकी बघेल. मी टाकी तिच्या बोटांवर सरकवली.

तर झालं असं, की काशीमीऱ्याला हायवेवर टायरचं गॅरेज असलेले एक गृहस्थ दुकानात आले. उत्तरेकडचे, पन्नाशीचे, धिप्पाड. आधी त्यांना आम्हीच बोर्ड करून दिला होता: लाल ड्रेसवाली आणि तिच्या हाताखाली ट्रकचा टायर. आता रस्त्याच्या पलीकडच्या गॅरेजवाल्याने दुसऱ्या कुठल्यातरी दुकानातून बोर्ड करून आणला होता आणि त्यावरही तीच होती. तोच ड्रेस, तोच हात, फक्त तोंड उलट्या बाजूला. त्यामुळे हायवेच्या दोन्ही कडांना ती एकमेकींकडे बघून हसत उभी होती आणि ड्रायव्हर विचारत होते की दोन्ही गॅरेज एकाच मालकाची आहेत का.

त्यांना ते फार लागलं होतं. "मेरी वाली उसके पास कैसे चली गई?" असं त्यांनी इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारलं, की शेठ उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले.

शेठनी त्यांना नवीन लेडीचा शब्द दिला आणि मला ती शोधायला बसवलं. टायर आणि बाई असं इंटरनेटवर शोधून बघा कधी. आधी पोहायच्या टायरमध्ये बसलेल्या बायका येतात. पुढे गॅरेजमधल्या येतात, त्यांच्या अंगावर कपडे बेताचे असतात आणि ऑईलचा एकच डाग असतो, तोही गालावर, तीट लावल्यासारखा. हातात पाना असतो, पण तो उलटा धरलेला. गॅरेजवाले माझ्या बाजूला स्टुलावर बसून, चहा पीत, एकही फोटो न गाळता सगळे बघत होते. सगळे बघून झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की आमचं काम फॅमिलीवालं आहे, हे चालणार नाही.

मॉडेल आणायची गोष्ट निघाली, ती खर्चावर अडली. मग शेठनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "बेन, तुम्हीच उभ्या राहा ना." मी नाही म्हटलं. त्यांनी फारसा आग्रहही केला नाही, याचं मला घरी जाईपर्यंत वाईट वाटत होतं.

संध्याकाळी जेवताना मी हा सगळा किस्सा घरी सांगितला, हसायला म्हणून. नवरा हसला. सासूबाई लसूण सोलत होत्या, त्या हसल्या नाहीत. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांनी लसणाची साल फुंकली आणि म्हणाल्या, "मी जाते."

मी म्हटलं, कुठे?

"टायरवर हात ठेवायला. त्यात काय हाय? हात मलापण हाय."

आई मूळच्या रत्नागिरीकडच्या. लग्न होऊन भाईंदरला आल्या आणि इथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. आता घरी असतात, गुडघे बरे आहेत, जीभ त्याहून बरी आहे. त्यांची एक जुनी तक्रार होती की त्यांचा एकही धड फोटो नाही. लग्नातल्या फोटोत त्यांच्या तोंडापुढे मांडवाचा खांब आहे. पुढच्या सगळ्या लग्नांत त्या वाढत असायच्या, त्यामुळे फोटोत पातेलं येतं आणि त्यांचं कोपर येतं. ओळखपत्रावर आहे तो फोटो बघून त्या स्वतःच म्हणतात, ही बाई सोसायटीत दिसली तर वॉचमनला सांगा. गंमत म्हणून त्या बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच एक बरा फोटो हवा होता, आणि तो हायवेवर लागणार असेल तर आणखी बरं.

नवऱ्याला घास गिळवेना. "आई, हायवेला? टायरवर? बिल्डिंगमधले काय म्हणतील?"

आईंनी त्याला विचारलं की ती लाल ड्रेसवाली इतकी वर्षं उभी आहे, तिच्यासाठी कधी बोललास का. तो म्हणाला, तिची गोष्ट वेगळी. कशी वेगळी, असं आईंनी विचारलं. त्याने बराच विचार केला आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी शेठना भीत भीत सांगितलं की आमच्या घरातली एक बाई उभी राहील. त्यांच्या डोक्यात काय आलं देव जाणे, "घरची लेडी, बेस्ट" म्हणाले आणि गॅरेजवाल्यांना फोन लावून रविवार ठरवूनही टाकला. बाईचं वय किती, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही आपणहून बोलले नाही.

रविवारी सकाळी आईंनी भाच्याच्या लग्नातली जांभळी साडी नेसली, मोगऱ्याचा गजरा माळला, हातभर हिरव्या बांगड्या चढवल्या. आम्ही रिक्षाने काशीमीऱ्याला पोचलो. गॅरेजवाल्यांनी नवा शर्ट घातला होता आणि टायर धुऊन, काळं पॉलिश मारून एकावर एक रचून ठेवले होते. त्यांनी आईंना नमस्कार केला, रिक्षाच्या मागे वाकून बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि मला हळूच विचारलं की मॉडेल मागून येतेय का.

"मैं ही है," आई म्हणाल्या. "टायर किधर है?"

तोंडावर नाही म्हणायची गॅरेजवाल्यांची हिंमत झाली नाही. आईंच्या समोर ती फारशी कुणाची होत नाही. त्यांनी खुर्ची मागवली, चहा मागवला, माताजी माताजी करत राहिले, आणि मी कॅमेरा काढला. मी आईंना म्हटलं की टायरला जरा टेकून उभ्या राहा. त्या म्हणाल्या, "कशाला टेकू? पाठ दुखत नाही माझी." मान थोडी तिरकी करा म्हटलं तर त्यांनी तिरकं होऊन मागच्या ट्रककडे बघितलं. हात मात्र त्यांनी टायरवर फार छान ठेवला, फणस पिकलाय का बघताना ठेवतात तसा, दाबून.

हसायला सांगितलं की त्यांचं तोंड ओळखपत्रासारखं व्हायचं. मी कंटाळून कॅमेरा खाली करणार, एवढ्यात मागे एक ट्रक रिव्हर्स येऊ लागला आणि त्याच्या हॉर्नमधून वाढदिवसाची धून वाजायला लागली. एवढा मोठा धुळीने भरलेला ट्रक आणि त्याची ती बारीक पिपाणी. आईंना हसू आवरेना. तेवढ्यात मी फोटो काढला. चेहऱ्यावर सगळ्या सुरकुत्या वर गेल्या होत्या, पडलेल्या दाताची फट दिसत होती, पदर वाऱ्यावर होता. मी इतक्या वर्षांत दुकानात पुष्कळ फोटो बघितले, पण हा बघून मी स्वतःवरच खूश झाले.

सोमवारी तो फोटो मी गॅरेजवाल्यांच्या मोबाईलवर पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. नंतर आलं, "बहुत अच्छा है. थोड़ा फ्रेश कर दो."

फ्रेश म्हणजे काय, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतं. मी डाग काढले, डोळ्यांखालचं काळं काढलं आणि पाठवलं. अंगठा आला आणि खाली, "थोड़ा और." मी सुरकुत्या काढल्या. थोड़ा और. शेठ येऊन माझ्या मागे उभे राहिले. केस काळे केले, दात बसवला, हनुवटीखालची हनुवटी काढली. थोड़ा और. रंग उजळला. कंबर आत घेतली, तेव्हा मागे ठेवलेला टायरही थोडा आत गेला, तो परत गोल करावा लागला. शेवटी शेठ स्वतःच म्हणाले, "बेन, नाक पण जरा." मी म्हटलं शेठ, नाक माझ्या नवऱ्याचंपण तेच आहे. ते म्हणाले, मग तर करायलाच पाहिजे.

दुपारपर्यंत माझ्या सासूबाईंच्या साडीत एक पंचवीस वर्षांची मुलगी उभी होती. ती नवऱ्याच्या दूरच्या, श्रीमंत मामेबहिणीसारखी दिसत होती, जिच्याशी आपलं फारसं जमत नाही. गॅरेजवाल्यांनी दोन अंगठे पाठवले. फ्लेक्स छापला, कडांना रिंगा मारल्या, टेम्पोने रवाना झाला. या गडबडीत हात राहिला. टायर काळा, हात कोपऱ्यात, कुणाचं तिकडे लक्षच गेलं नाही.

घरी आईंनी विचारलं की फोटो कसा आलाय. मी म्हटलं, छान आलाय, पण त्यांनी जरा साफसूफ करून घेतलाय. त्या म्हणाल्या, करतातच, कोथिंबीरसुद्धा निवडून घ्यावी लागते. त्यांच्या मनात गजऱ्याची सुटलेली पाकळी वगैरे असावी.

माझ्या सुट्टीच्या दिवशी आई बोर्ड बघायला निघाल्या. बिल्डिंगमधल्या दोन मैत्रिणी बरोबर घेतल्या, एक आमच्याच कोकणातली, एक गुजराती. त्या तिघी रिक्षात मागे आणि मी पुढे ड्रायव्हरच्या सीटवर अर्धी. आईंनी रस्ताभर त्यांना सांगितलं की फोटो कसा काढतात, लाईट कुठून घ्यायचा असतो, मान जास्त हलवायची नसते. गुजराती मावशींनी चिवडा आणला होता, तिथे बसून खाऊ म्हणून.

उतरल्यावर तिघी फ्लेक्सखाली उभ्या राहून फ्लेक्स शोधत होत्या. एक मैत्रीण म्हणाली, तुमचा अजून लागला नाही वाटतं, ही दुसरीच कोण लावलीय. दुसरी म्हणाली, रस्त्यापलीकडची लाल ड्रेसवाली हिच्यापेक्षा बरी आहे. आई वर बघत राहिल्या. साडी ओळखीची होती, ते त्यांच्या ध्यानात आलं असणार. त्या अगदी जवळ गेल्या, टाचा उंचावल्या, आणि आपला उजवा हात त्या फ्लेक्समधल्या हाताच्या शेजारी धरला.

करंगळी पॉलिशच्या मशीनने वाकडी झालेली, मनगटावर लहानपणीचं गोंदण, फुगलेल्या शिरा, हिरव्या बांगड्या. दोन्ही हात सारखे. फ्लेक्सवरच्या मुलीने कुणा म्हाताऱ्या बाईचा हात उसना आणल्यासारखा दिसत होता. एकदा ते दिसल्यावर दुसरं काही दिसेचना.

गॅरेजवाले बाहेर आले होते. आई त्यांच्याकडे वळल्या आणि अगदी शांतपणे विचारलं, "ये हाथ मेरा है. बाकी बाई किसकी है?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मी गुजराती मावशींकडे. मग त्यांनी समजावायला घेतलं. मनाने वाईट नव्हते ते. म्हणाले, "माताजी, ये हायवे है. ट्रक वाला स्पीड में जाता है. उसको झुर्री देखने का टाइम किधर है?"

"टाइम नहीं है, तो निकाली कायको?" आई म्हणाल्या.

गॅरेजवाल्यांनी चहा सांगू का विचारलं. आईंनी सांगितलं की चहा सांगा आणि खुर्चीपण सांगा, आता मी इथेच बसते, वरची आणि खालची दोन्ही बघून लोकांना काय ठरवायचं ते ठरवू दे. खुर्ची आली, तशी त्यांनी ती बरोबर फ्लेक्सच्या खाली ओढून घेतली. मैत्रिणींना हे इतकं आवडलं, की त्यांनी दोन टायर पाडून घेतले आणि त्यांवर बसून चिवड्याचा डबा उघडला.

आईंनी भांडण असं काही केलं नाही. आवाज चढवला नाही. त्या नुसत्या बसल्या होत्या, उजवा हात गुडघ्यावर, करंगळी दिसेल असा. हवा भरायला ट्रक थांबायचे. ड्रायव्हर उतरायचे, वर बघायचे, खाली बघायचे, परत वर बघायचे. एका सरदारजीने फार आदबीने विचारलं की वरची आपली मुलगी का. "वही तो इनसे पूछ रही है," आई म्हणाल्या आणि त्यालाही चिवडा दिला. हळूहळू तिथे बरीच माणसं जमली. कुणी म्हणे हात खरा आहे आणि तोंड खोटं, कुणी म्हणे तोंड खरं आणि हात खोटा. टायर बघायला कुणी जाईना.

गॅरेजवाल्यांनी शेठना फोन केला. शेठनी मला फोन केला. मी सांगितलं की मी इथेच आहे आणि चिवडा खातेय. मग नवऱ्याचा फोन आला, त्याला कुणीतरी कळवलं होतं. त्याने विचारलं की आई ऐकत नाही का. मी म्हटलं, आई काही बोलतच नाहीत, तर ऐकायचा प्रश्न कुठे येतो.

पण गॅरेजवाले शेवटी हरले, ते वेगळ्याच कारणाने. त्यांच्या गॅरेजात काम करणाऱ्यांना शिव्या दिल्याशिवाय काम करता येत नाही. हे त्यांनाही आधी माहीत नव्हतं, त्या दिवशी कळलं. जाम झालेला नट फिरेना, की मेकॅनिकच्या तोंडात शिवी यायची, समोर तीन बायका चिवडा खाताना दिसायच्या, आणि ती शिवी त्याला गिळावी लागायची. नट तसाच राहायचा. जॅक लावताना एकाचा अंगठा सापडला, तर तो बिचारा "अरे राम, अरे राम" म्हणत गॅरेजभर नाचला. एकमेकांना अहो जाहो करून पाने मागायला लागले, त्यात पाना यायला वेळ लागायचा. दुपारपर्यंत बाहेर ट्रकची रांग लागली आणि आत एकही चाक निघालं नव्हतं.

गॅरेजवाल्यांनी आईंसमोर हात जोडले. त्यांचाच फोटो लावतो म्हणाले, जसा आहे तसा, पण आता घरी जा. आईंनी मला विचारलं की तो जुना फोटो आहे का, की टाकला. मी म्हटलं, आहे. तेव्हा कुठे त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात शेठ माझ्या मागे येऊन उभे राहिले, थोडा वेळ घुटमळले आणि म्हणाले, "बेन, नाक परत देऊन टाका." मी मूळ फोटो तसाच्या तसा लावला. सुरकुत्या, दाताची फट, सगळं. खाली टायरचे प्रकार आणि फोन नंबर. हायवेवर तो लागला तेव्हा लांबून दिसायचं की एक बाई टायरवर हात ठेवून तुम्हाला हसतेय, आणि का हसतेय ते तुम्हाला माहीत नाही. तुमचाच टायर बसलाय की काय, असं वाटायचं. गॅरेजवाल्यांनी कबूल केलं की लोक थांबतात, पण आधीही थांबत होतेच. धंदा वाढला नाही आणि कमीही झाला नाही.

ड्रायव्हर लोक मात्र त्या फ्लेक्सशी जरा वेगळं वागायला लागले. कुणी जाताना हात कपाळाला लावी. कुणी रिंगेत लिंबू-मिरची अडकवून गेला. आणि एका सणाच्या दिवशी सगळ्यांनी आपापले ट्रक धुऊन सजवले, तेव्हा एकाने उरलेला झेंडूचा भलामोठा हार आईंच्या फोटोला घातला.

आईंच्या माहेरच्या गावचा एक जण टेम्पो चालवतो. तो तिथून गेला. त्याने हार घातलेला फोटो बघितला, टेम्पो बाजूला घेतला, फोटोचा फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली काय लिहायचं त्याला सुचलं नसावं, त्याने नुसते हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घरचा फोन वाजला. आईंचा चहा व्हायचा होता, फोन त्यांनीच उचलला आणि मला दोन्हीकडचं ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला, त्यांची ती सवय आहे. पलीकडे त्यांच्या भावाची बायको, गावची वहिनी. हॅलो म्हणायच्या आधीच तिने गळा काढला. फोनवर मीच आहे, असं तिने धरून चाललं होतं.

"कशी गेली गो आमची वन्सं?"

आईंनी मला खुणेने विचारलं की कोण गेलं. मी खांदे उडवले. तिकडे वहिनी बोलतच होती, आम्हाला कळवलंसुद्धा नाहीत, परक्यासारखं ग्रुपवर बघायला लागलं, एवढा मोठा फोटो लावलात म्हणजे चांगलंच केलंत, पण निदान दहाव्याला तरी बोलवायचं. हळूहळू आईंच्या ध्यानात आलं. मी फोन घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. त्यांना ऐकायचं होतं.

वहिनी रडत रडत आईंचं कौतुक करायला लागली. हाताला चव होती. कुणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. गावच्या देवळाला समई दिली, पितळेची. आई पाटावर बसून मान डोलावत होत्या, समईच्या वेळी मला खुणेने सांगितलं की खरं आहे. पुढे वहिनी म्हणाली, "जरा रागीट होती, पण मनाने चांगली."

"रागीट कोण गो?" आई म्हणाल्या.

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग वहिनीच्या नवऱ्याचा, म्हणजे आईंच्या भावाचा आवाज आला, की हिला काय झालं, ही फोनला पाया पडतेय.

त्या दिवशी दुपारी आईंनी मला रिक्षा करायला लावली आणि काशीमीऱ्याला जाऊन तो हार स्वतःच्या हाताने उतरवला. गॅरेजवाले म्हणाले की तो इज्जतीने घातला होता. आईंनी त्यांना सांगितलं की इज्जत दुसरीकडून करा, मला गावाहून फोन येतात. परत येताना रिक्षात त्यांनी पदराला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या झटकल्या. मग म्हणाल्या, "आधी मला पंचवीस वर्षांची केली. ते नको म्हटलं, तर मारून टाकली. मधली जी मी हाय, ती कुणाला चालत नाही वाटतं." आणि त्यांना एकदम हसू आलं, त्या फोटोतल्यासारखं, सगळ्या सुरकुत्या वर. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि विचारलं, "टायर वाली चाची ना?" त्याने मीटरपेक्षा पाच रुपये कमी घेतले.

फ्लेक्स अजून कितीतरी दिवस राहिला असता, पण गॅरेजवाल्यांच्या बायकोने घोळ घातला. ती गावी असते. तिच्या मोबाईलवर कुणीतरी हा फोटो पाठवला आणि तिने नवऱ्याला विचारलं की दुकान आपलं, टायर आपले, आणि अम्मा कुणाची लावून ठेवलीय. मुलांच्या सुट्टीत ती भाईंदरला आली ती हिरवी साडी बॅगेत घालूनच. गॅरेजवाले तिचा फोटो घेऊन दुकानात आले. ती टायरला टेकून उभी होती, ऊन डोळ्यांवर आलेलं, त्यामुळे एक डोळा बारीक, आणि कपाळाला आठी. हाताला सवय लागलेली, मी माऊस आठीवर नेला. ते स्टुलावरून उठलेच.

"ना ना, कुछ मत करना," ते म्हणाले. "उसने बोला है, एक तिल भी इधर का उधर हुआ, तो मैं गाँव से भाइयों को बुलाऊँगी."

मी माऊस सोडून दिला. आई तो नवा बोर्ड बघायला गेल्या. त्यांचं म्हणणं असं पडलं की साडी चांगली आहे, पण बाईने पदराने अर्धा टायर झाकलाय, आणि धंदा शेवटी टायरचा आहे. त्यांनी हे तिला तोंडावर सांगितलं. दोघींची आता मैत्री आहे, ती आईंना लोणचं पाठवते.

आईंचा जुना फ्लेक्स गुंडाळी करून घरी आला. एवढा मोठा होता, की पलंगाखालीही मावेना. गावच्या वहिनीने तो मागून घेतला, गोठ्यामागच्या पेंढ्यावर घालायला. तोंडाची बाजू वर ठेवायची, या अटीवर आईंनी तो टेम्पोने पाठवला. पावसाळाभर पेंढा कोरडा राहिला. वहिनीने फोनवर सांगितलं की रंग अजून जसाच्या तसा आहे, फक्त नाकावर थोडं शेवाळ आलंय, ते ती काथ्याने घासणार आहे. आईंनी तिला ओरडून सांगितलं की हात लावू नको, असू दे.